मागच्या आसाला कुलूप

पावसाने भिजलेल्या शेतरस्त्यावर रिकामा पिकअप रुततो, तेव्हा एक विलक्षण दृश्य दिसते. मागचे एक चाक चिखल उडवीत गरगर फिरत असते आणि दुसरे, कोरड्या घट्ट जमिनीवर टेकलेले चाक मुळीच हलत नाही. इंजिन धडधाकट आहे, टायर नवे आहेत, एका चाकाखाली उत्तम जमीनही आहे. तरी गाडी इंचभर सरकत नाही. हा बिघाड नव्हे. यंत्र ज्यासाठी घडविले गेले, तेच ते इमानाने करीत आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका घड्याळजीने काढलेल्या तोडग्याची ही दुसरी बाजू आहे. ती झाकण्यासाठी अनेक पिढ्यांनी डोके शिणवले, आणि त्या खटपटीचा शेवट आजही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, जुन्या पिकअपच्या मागच्या आसाखाली, हातात पाना घेऊन होतो. डिफरन्शिअल आणि त्याला घातलेले कुलूप यांच्या इतिहासाचा हा धागा.

प्रथम मूळ अडचण. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांतील अंतर दीड मीटर धरले, तर एक पूर्ण फेरी मारताना बाहेरचे चाक सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. फेरी अंगणाएवढी असो की गावाभोवतीची, हा फरक तेवढाच राहतो. बैलगाडीला याचा त्रास कधी झाला नाही, कारण तिची चाके आसावर सुटी फिरतात आणि ओढणारे बळ बाहेर, जुवाशी असते. अडचण उभी राहिली ती बळ थेट चाकालाच द्यावयाची वेळ आली तेव्हा. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जखडली, तर वळताना एक चाक घसटत जाणार, नाही तर आस पिळवटणार.

वाफेच्या गाड्यांच्या आरंभकाळी ही अडचण टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे एकच चाक चालविणे. १७७०च्या सुमारास फ्रेंच सैन्यासाठी निकोला-जोसेफ कुन्यो याने तोफा ओढणारी जी वाफगाडी बनविली, तिला तीनच चाके होती आणि बळ मिळत होते ते पुढच्या एकट्या चाकाला. ती अवजड गाडी पुढे पॅरिसच्या ‘कॉन्झर्व्हातुआर दे आर्ट ए मेतिए’ या संस्थेच्या संग्रहात आली. त्याच संस्थेच्या कार्यशाळेचा प्रमुख होता ओनेझिफोर पेकर (१७९२–१८५२). त्याने १८२७-२८ मध्ये वाफगाडीसाठी जे पेटंट घेतले, त्यात मोटारगाडीच्या डिफरन्शिअलचे मूळ आहे.

पेकर मुळात घड्याळजी होता, ही बाब गौण नाही. दोन वेगवेगळ्या गती एकत्र करून तिसरी काढण्याची कला घड्याळजींना आधीच साधली होती. लंडनच्या जोसेफ विल्यमसनने १७२०च्या सुमारास, घड्याळाचा सरासरी वेळ आणि सूर्याचा प्रत्यक्ष वेळ यांतील फरक दाखविणाऱ्या घड्याळात अशीच गिअररचना वापरली होती. पेकरने तीच कल्पना उलटी वापरली. घड्याळात दोन गती मिळून एक होत होती, इथे इंजिनाची एक गती दोन चाकांत वाटली गेली.

याहून मागे जाण्याचा मोह अनेकांना होतो. चीनमधील ‘दक्षिण दाखविणारा रथ’ डिफरन्शिअलवर चालत असावा, असे इंग्लिश अभियंता जॉर्ज लँचेस्टरने १९४७ मध्ये मांडले. पण सोंग काळातील ग्रंथात या रथाचे जे वर्णन आहे, ते गुंतणाऱ्या आणि सुटणाऱ्या चक्रांच्या वेगळ्याच रचनेकडे बोट दाखविते. ग्रीसच्या समुद्रातून निघालेल्या अँटिकिथेरा यंत्रातही डिफरन्शिअल असल्याचे डेरेक प्राइसने १९७४ मध्ये लिहिले होते. पुढील संशोधनाने ते मान्य केले नाही. प्राचीनांच्या बुद्धीला हे न्यून नव्हे. केवळ सर्वांत जुना पुरावा हवा म्हणून तर्काला पुरावा म्हणणे मात्र बरे नाही.

आता या यंत्राचे मर्म. एक दांडी मधोमध धरून पुढे ढकलली, तर तिच्या दोन्ही टोकांवर सारखाच जोर पडतो. एका टोकासमोरचा अडथळा हलका झाला की ते टोक पुढे सरकते, दांडी तिरपी होते. पण जोर तरीही समान. डिफरन्शिअलच्या पोटातील लहान दातेरी चक्र, ज्याला गॅरेजमध्ये स्टार पिनियन म्हणतात, ते नेमके या दांडीसारखे वागते. दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे आणि दोघांना समान पीळ देणे, ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते.

गोम इथेच आहे. चिखलातील चाकाला पकड नाही, म्हणजे त्याला फिरवण्यास जवळपास जोरच लागत नाही. दांडीचे एक टोक हवेत गेले. मग दुसऱ्या टोकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळणार. ‘इंजिनाचे सारे बळ घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे. पीळ दोघांनाही समानच मिळतो. तो किती मिळावा हे मात्र सर्वांत दुबळ्या पकडीचे चाक ठरविते. पेकरच्या न्यायात समता आहे, आणि त्या समतेनेच गाडी अडते.

मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सनेही १८३२ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. पण सामान्य माणसाच्या पायाखाली ती आली तीनचाकी सायकलीतून. कोव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली आणि त्याचा मुलगा विल्यम शेजारी शेजारी बसून एक दुहेरी यंत्र चालवीत होते. मुलाच्या पायांत जोर अधिक, त्यामुळे त्याच्या बाजूचे चाक पुढे गेले आणि दोघे काटेरी खाजकुयलीसारख्या झुडपात पडले, अशी आख्यायिका आहे. पडण्याचा तपशील कितीही रंगवलेला असो, स्टार्लीने १८७७ मध्ये साखळीने चालणारे डिफरन्शिअल काढले हे खरे. १८८६ मध्ये कार्ल बेंझच्या मोटारगाडीतही डिफरन्शिअल होतेच. त्यानंतर ते प्रत्येक गाडीत गेले, आणि लोक त्याला विसरले.

विसरले नाहीत ते चिखलात काम करणारे. इंग्लंडमधील वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांवर लोखंडी खुंट्या असत. जमीन मऊ लागली की चालक खाली उतरून खुंटी बसवी, आणि दोन्ही चाके जखडली जात. पक्क्या रस्त्यावर वळण्याआधी ती काढावी लागे. डिफरन्शिअलचे सर्वांत जुने कुलूप ते हेच. शेतीच्या ट्रॅक्टरने ही युक्ती पेडलवर आणली. महाराष्ट्रातील ज्या तरुणाने कधी नांगरट केली आहे, त्याला टाचेने दाबायचा ‘डिफरन्शिअल लॉक’ ठाऊक असतो: नांगरताना एक चाक ओल्या तासात आणि दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर चालते, तासातले चाक घसरू लागले की टाच दाबायची, बाहेर पडले की सोडायची. वळताना ती दाबून ठेवली तर काय मोडते, हेही त्याला घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते.

रस्त्यावरच्या मोटारीला मात्र खुंटी आणि टाच परवडणारी नव्हती. कुलूप आपोआप लागावे आणि आपोआप उघडावे, अशी गरज होती, आणि तिला पहिला मोठा धक्का दिला शर्यतीने. १९३० च्या दशकात जर्मनीतील नाझी सरकार मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन यांच्या शर्यतगाड्यांना पैसा पुरवीत होते. ऑटो युनियनची सोळा सिलिंडरची गाडी फर्डिनांड पोर्शेच्या कचेरीत आखली गेली होती. इंजिन मागे, ताकद अफाट आणि टायर अरुंद; वळणातून बाहेर पडताना आतले चाक हलके होई आणि धूर काढीत जागीच फिरे. झेपेलिन वायुनौकांसाठी गिअर बनविण्याकरिता स्थापन झालेल्या झेडएफ या कंपनीकडे हा प्रश्न गेला. तिने १९३५ पर्यंत घसरणीला मर्यादा घालणारे, म्हणजे ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शिअल सिद्ध केले. हे पूर्ण कुलूप नव्हे. दोन चाकांच्या गतीत फरक पडू लागला की घर्षण वाढते, आणि पकड असलेल्या चाकाला थोडा अधिक वाटा मिळतो, इतकेच.

दुसऱ्या महायुद्धाने याहून उग्र उपाय पुढे आणला. १९४० च्या दशकाच्या आरंभी डेट्रॉइटमध्ये थॉर्नटन याने ‘नो-स्पिन’ नावाची रचना तयार केली. ती पुढे ‘डेट्रॉइट लॉकर’ म्हणून गाजली. हिच्यात पेकरचे स्टार पिनियन नाहीतच. दोन्ही चाके दातेरी क्लचांनी मधल्या भागाला जखडलेली असतात, म्हणजे कुलूप हीच नेहमीची अवस्था. वळणावर बाहेरचे चाक पुढे पळू लागले की त्या बाजूचे दाते सुटतात, वळण संपले की पुन्हा बसतात. बसताना आवाज होतो, कधी टकटक, कधी छाती दडपावी असा धाडकन. लष्करी वाहनांत त्याची फिकीर कोण करणार!

युद्ध संपल्यावर जर्मनीत शेतकऱ्यासाठी जन्मलेल्या उनिमोग वाहनाला दोन्ही आसांवर कुलपे मिळाली. दोन चाकांतील अंतर बटाट्याच्या दोन ओळींना जुळावे, या हिशेबाने आखलेली ती गाडी होती. अमेरिकेत उलट चैनीच्या बाजूने सुरुवात झाली. पॅकार्डने १९५६ मध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल विकल्प म्हणून दिले; लगोलग शेव्हरोलेचे ‘पॉझिट्रॅक्शन’ आले. १९९२ च्या ‘माय कझिन व्हिनी’ या चित्रपटात खुनाच्या खटल्याचा निकालच या भागावर फिरतो. डांबरावर दोन समान काळे पट्टे उमटले, म्हणजे दोन्ही चाके एकत्र घसरली, म्हणजे आरोपीची गाडी ती नव्हेच. न्यायालयातील ही साक्ष तांत्रिकदृष्ट्याही बरीच चोख आहे.

आता पिकअपकडे. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढले, तेव्हापासून या वाहनाचा एक दोष कायम आहे. इंजिनाचे ओझे पुढे, बळ मागच्या चाकांना, आणि हौदा रिकामा असला की मागची चाके हलकी. गवताचा ओला उतार, बर्फाचे पातळ कवच, नदीकाठची वाळू, काहीही पुरते. तरीही कुलूप घेणारे थोडेच, कारण त्याला जादा पैसे मोजावे लागत. आजही रस्त्यावर असलेल्या बहुसंख्य जुन्या पिकअपच्या मागच्या आसात पेकरचाच न्याय चालतो.

जनरल मोटर्सच्या पिकअपचा नवा वंश १९७३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ईटन कंपनीचे स्वयंचलित कुलूप ‘जी ८०’ या संकेताने मागवता येऊ लागले. या धाग्यातील सर्वांत चतुर यंत्र कदाचित हेच. आत एक इवलासा गव्हर्नर असतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्याची वजने बाहेर फेकली जातात, एका खिट्टीत अडकतात, त्यामुळे एक दातेरी चकती थबकते. तिच्या उतरत्या कडांवरून गिअर सरकतो आणि क्लचच्या चकत्या घट्ट दाबून दोन्ही बाजू एक करतो. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या थोडा पुढे गेला की ती खिट्टीच केंद्रापासून दूर लोटली जाते, म्हणजे भर वेगात कुलूप लागतच नाही. तारा नाहीत, हवा नाही, बटण नाही. इतके असूनही हौशी मंडळींत त्याला ‘गव्ह-बॉम्ब’ असे दुष्ट टोपणनाव पडले, कारण मोठ्या टायरवर वेडावाकडा जोर दिल्यास ते आतल्या आत फुटते. सावकाश घसरणाऱ्या नांगऱ्यासाठी बनविलेले यंत्र शर्यतबाजाच्या हाती गेले, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही.

ऑस्ट्रेलियात तिसरी वाट निघाली. एआरबी या कंपनीने १९८७ मध्ये ‘रॉबर्ट्स डिफ-लॉक’चे हक्क घेऊन ‘एअर लॉकर’ विकसित केले. एरवी ते साधे डिफरन्शिअल असते. चालकाने बटण दाबले की छोट्या कॉम्प्रेसरची हवा एक कडे सरकवते आणि दोन्ही चाके जखडली जातात. ट्रॅक्शन इंजिनाच्या खुंटीची ही नवी आवृत्ती. निर्णय पुन्हा माणसाच्या हाती आला.

जुन्या पिकअपमध्ये यांपैकी एखादे बसवायचे, तर काम दिसते तेवढे सोपे नाही. जनरल मोटर्सच्या त्या काळातील हलक्या पिकअपचा मागचा आस उदाहरण म्हणून घ्यावा. गाडी भक्कम स्टँडवर चढवून मागचे झाकण सोडले की काळे गिअर ऑइल बाहेर येते. त्यात चमचमती लोखंडाची कणी किती आहे, यावरून मिस्त्री आसाच्या आयुष्याचा अंदाज बांधतो. मधला आडवा दांडा काढायचा, एक्सल किंचित आत ढकलायचे, त्यांच्या टोकाची इंग्रजी ‘सी’ आकाराची क्लिप काढायची, मग एक्सल बाहेर ओढता येतात. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण आधीच करावी लागते, कारण त्या आसाबरोबरच कोरलेल्या असतात आणि अदलाबदल खपवून घेत नाहीत. दोन्ही बाजूंचे शिम कोणते कुठले, हेही लिहून ठेवायचे. जुन्या केजवरचे क्राऊन व्हील काढताना आणखी एक सापळा: यांतील काही आसांवर ते बोल्ट उलट आट्यांचे असतात. ठाऊक नसलेला माणूस सोडतो आहे असे समजून आवळत बसतो, आणि शेवटी बोल्टचे डोके हातात येते.

क्राऊन नव्या केजवर चढले, की खरी परीक्षा सुरू होते. पिनियनचा दाता आणि क्राऊनचा दाता यांच्यामध्ये केसभर मोकळीक ठेवावी लागते; साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. ती डायल गेजने मोजायची, शिम बदलायचे, पुन्हा मोजायची. मग दात्यांना रंग फासून क्राऊन फिरवायचे आणि दाता दात्याला नेमका कुठे टेकतो ते डागावरून पाहायचे. डाग मधोमध हवा. तो कडेला गेला, तर आस पहिल्या दिवसापासून हुंकार देऊ लागतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये दाते चावून टाकतो. पेकरच्या घड्याळांतील चक्रे नाजूक होती आणि ही मणभर ओझे ओढणारी. दात्यांच्या भेटीचे गणित तेच. म्हणूनच नवशिक्यांसाठी एक स्वस्त उपाय निघाला. केज तशीच ठेवून फक्त आतले स्टार पिनियन आणि बाजूचे गिअर काढायचे व त्यांच्या जागी दातेरी कुलूप बसवायचे. क्राऊन-पिनियनला हातच लागत नाही. याहूनही स्वस्त उपाय म्हणजे ते गिअर सरळ वेल्डिंगने एकमेकांना चिकटवून टाकणे. त्याला अमेरिकेत वेल्डिंग यंत्रे बनविणाऱ्या लिंकन कंपनीवरून गमतीने ‘लिंकन लॉकर’ म्हणतात. शेतापुरते ते चालते. डांबरी रस्त्यावर तो टायरचा आणि एक्सलचा कर्दनकाळ ठरतो.

विक्रेते ज्या गोष्टी हळू आवाजात सांगतात, त्या दोन आहेत. पहिली: साध्या डिफरन्शिअलमध्ये एका एक्सलवर इंजिनाच्या पिळाचा अर्धाच भाग येतो. कुलूप लागल्यावर एक चाक हवेत असेल, तर सारा भार दुसऱ्या एकट्या एक्सलवर पडतो. चाळीस वर्षे अर्ध्या भारावर नांदलेले पोलाद अशा वेळी तुटू शकते. आणि ‘सी’ क्लिपच्या आसात एक्सल तुटले, तर त्याला धरून ठेवणारे काहीच उरत नाही, चाकासकट ते बाहेर सरकू शकते. दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. बर्फावर किंवा निसरड्या उतारावर साध्या डिफरन्शिअलचे एक चाक फिरते, तेव्हा दुसरे स्वस्थ चाक गाडीची शेपूट आडवी जाऊ देत नाही. कुलूप असेल तर दोन्ही चाके एकदम घसरतात, आडवा आधार संपतो आणि मागची बाजू रस्त्याच्या उताराकडे निघते. रुतलेला पिकअप जागीच थांबलेला असतो. हा मात्र चालू वेगात खड्ड्याकडे जातो. डोंगरी बर्फाळ मुलखातील अनेक जाणते चालक बटणाचे कुलूप पसंत करतात, ते याचमुळे.

महाराष्ट्रात ही कथा मुंबईमार्गे आली. १९४७ पासून महिंद्रांनी इथे विलीस जीप जुळवायला घेतल्या. चारही चाकांना बळ देणाऱ्या त्या जीपच्या आसांतही साधे डिफरन्शिअलच होते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके अधांतरी झाली, की चारचाकी बळाची जीपही घाटवाटेवर हताश उभी राही. त्याच जीपच्या वंशातील, नाशिकला बनणाऱ्या थारच्या मागच्या आसात ईटनचे यांत्रिक कुलूप आले ते २०१५ मध्ये. गतीतील फरक ओळखून गव्हर्नर खिट्टीत अडकतो, तीच १९७३ ची युक्ती.

आजच्या बहुतेक गाड्यांत कुलूपच नसते. संगणक घसरणाऱ्या चाकाला क्षणभर ब्रेक लावतो. ब्रेकमुळे त्या चाकाला फिरवायला जोर लागतो, आणि पेकरच्या नियमाने तितकाच जोर दुसऱ्या, पकड असलेल्या चाकालाही मिळतो. गिअर तेच, फक्त दांडीच्या सैल टोकाला कोणीतरी हात लावून धरला आहे. जुन्या पिकअपला असा संगणक नाही, चाकांवर सेन्सर नाहीत. त्यामुळे डेट्रॉइट लॉकर आणि एअर लॉकर आजही नवेकोरे खोक्यांत मिळतात, आणि चाळीस वर्षांच्या आसाचे झाकण सोडून कोणीतरी दात्यांना रंग फासत बसलेला असतो.